संस्कृतीच्या इतिहासकाराचे चरित्र कसे लिहावे

संस्कृतीच्या इतिहासकाराचे चरित्र लिहायला बसले की पहिली अडचण लगेच समोर येते. त्याच्या आयुष्यात बाहेरून दिसेल असे फारच थोडे घडलेले असते. लढाया नसतात, निवडणुका नसतात, सभा गाजवलेल्या नसतात. असतो तो ग्रंथालयातला मुक्काम, आडगावचा एस.टी.चा प्रवास, देवळाच्या ओवरीत बसून केलेली टिपणे आणि वर्षानुवर्षे पाठ न सोडणारा एखादा प्रश्न. म्हणून अशा माणसावर स्मरणिकेसाठी किंवा दिवाळी अंकासाठी लेख लिहिताना जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, पुरस्कार आणि निधन अशी पाच खणांची मांडणी केली जाते, आणि लेख वाचून संपला तरी हा माणूस नेमके काय शोधत होता हे वाचकाला कळत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की चरित्र त्याच्या प्रश्नाच्या मागोमाग लिहावे आणि आयुष्यातले तपशील त्या प्रश्नाला जिथे स्पर्श करतात तिथे आणावेत. हे कसे करायचे, ते लोकदैवतांचे संशोधक रा. चिं. ढेरे यांचे उदाहरण समोर ठेवून सांगतो.

सुरुवात माणसापासून न करता पुस्तकांपासून करावी. एक दोनशे पानी वही घ्यावी आणि त्या लेखकाच्या प्रत्येक पुस्तकाची पहिली आवृत्ती केव्हा निघाली हे स्वतः पुस्तक हातात घेऊन नोंदवावे. दुसऱ्या कोणाच्या यादीवरून उतरवून घेऊ नये. शीर्षकाच्या पाठीमागचे पान, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि प्रस्तावनेखालची तारीख या चार जागा चरित्रकाराला जेवढे देतात तेवढे एखादी मुलाखतही देत नाही. ऋणनिर्देशात कोणत्या गावच्या कोणत्या पुजाऱ्याचे, कोणत्या पोथीशाळेचे, कोणत्या मित्राचे नाव आहे यावरून त्या काळात लेखक कुठे हिंडत होता हे समजते, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने काय मागे घेतले किंवा काय वाढवले यावरून त्याचा विचार कुठे सरकला तेही कळते. जुन्या पुस्तकांत प्रस्तावनेखाली पुष्कळदा शके दिलेला असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी शकात ७८ मिळवावेत, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेसाठी ७९. पौष-माघातल्या प्रस्तावना या एका वर्षाच्या फरकाने चरित्रांमधून सर्रास चुकलेल्या आढळतात.

मी स्वतः याच बाबतीत एकदा चुकलो आहे. एका स्मरणिकेत छापलेल्या परिचयावरून मी पुरस्काराचे वर्ष उतरवून घेतले, आणि लेख छापून आल्यावर लक्षात आले की ते पुस्तकाच्या प्रकाशनाचे वर्ष होते. ढेऱ्यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाबाबत हीच गल्लत सहज होऊ शकते, कारण ग्रंथ १९८४ चा आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८७ चा. तेव्हापासून वहीत मी प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली हे लिहितो: 'कागदावर पाहिले', 'त्यांनी स्वतः सांगितले' किंवा 'इतरांनी सांगितले'. लेख लिहितानाही हा भेद वाक्यरचनेतून दिसला पाहिजे. 'ते सांगत असत की' या चार शब्दांनी वाक्य लांबते हे खरे, पण त्यांच्यामुळे वाचकाला आपण कशावर उभे आहोत हे कळते.

यादी तयार झाली की ती कालक्रमाने वाचावी आणि पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट शोधावी. ढेऱ्यांच्या बाबतीत तिशी उलटण्याआधी दत्त आणि नाथ संप्रदायांच्या इतिहासाचे काम आहे, मग खंडोबा आहे, १९७८ मध्ये 'लज्जागौरी' आहे, १९८४ मध्ये विठ्ठल आहे, पुढे तिरुमलचा व्यंकटेश्वर आहे, तुळजाभवानी आहे, शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव आहे. वरवर पाहता ही दैवतांची यादी वाटते. पण प्रत्येक ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच आहे, तो असा की आज ज्या रूपात आणि ज्या नावाने हा देव पुजला जातो, त्याच्या आधी तो कोणाचा होता, आणि त्या मूळ भक्तांची खूण आजच्या पूजेत कुठे शिल्लक आहे. हे एकदा सापडले की चरित्राला कणा मिळतो. मग 'त्यांनी विविध विषयांवर विपुल लेखन केले' असे वाक्य लिहावेच लागत नाही, कारण विषय विविध नव्हते, एकाच विषयाच्या अनेक पायऱ्या होत्या, हे आपल्याला दाखवता येते.

इथे लेखात थोडे थांबावे. इतिहासकाराच्या एका तरी ग्रंथातला युक्तिवाद जवळून उलगडून दाखवला नाही तर त्याच्या कामाबद्दलची सगळी विशेषणे पोकळ राहतात. ढेऱ्यांसाठी मी विठ्ठलाचाच ग्रंथ घेईन. त्यांची मांडणी अशी की पंढरपूरचा विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा, दक्षिणेतल्या पशुपालक समाजाचा देव. पुढे स्थलपुराणांनी, राजाश्रयाने आणि संतांच्या भक्तीने त्याला विष्णू-कृष्णाचे रूप आले. ही मांडणी त्यांनी एका पुराव्यावर उभी केली नाही. त्यांनी पांडुरंगमाहात्म्यांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहिले; मूर्तीची शस्त्ररहित, कटीवर हात ठेवलेली उभी ठेवण पाहिली; संतांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आहे याकडे लक्ष वेधले; आणि या सगळ्याच्या शेजारी त्यांनी ठेवले ते धनगरांमध्ये आजही जोडीने पुजले जाणारे विठ्ठल-बिरोबा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात, आणि त्या जोडदेवाच्या नावातला विठ्ठल हा पंढरीच्या विठ्ठलाचा कोण, हा साधा प्रश्न विद्वानांच्या चर्चेत आणून ठेवण्याचे धैर्य हाच ढेऱ्यांच्या कामाचा गाभा आहे असे मला वाटते. पोथी आणि यात्रा यांना त्यांनी एकाच पंक्तीला बसवले.

युक्तिवाद उलगडताना त्यातल्या निदान एका पुराव्यापर्यंत आपण स्वतः जाऊन पोचावे. पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख हा त्यासाठी चांगला आहे. शके ११९५ ते ११९९ या काळातल्या देणगीदारांची त्यात नोंद आहे, म्हणजे वरच्या हिशेबाने १२७३ ते १२७७, आणि त्यात देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळातील माणसांची नावे येतात. या लेखाचे वाचन समोर ठेवून ग्रंथातले राजाश्रयाचे प्रकरण वाचले म्हणजे इतिहासकार कोणत्या शब्दावर थांबला आणि कोणता ओलांडून गेला हे दिसू लागते, आणि आपल्या लेखात त्याच्या पद्धतीबद्दल चार वाक्ये खात्रीने लिहिता येतात.

वाद असेल तर तो टाळू नये. १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी विठ्ठलाची मूर्ती हलवली गेली आणि मूळ मूर्ती सोलापूर जिल्ह्यातल्या माढे गावी आहे, असे प्रतिपादन ढेऱ्यांनी केले. स्कंदपुराणातल्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या छातीवरील मंत्राक्षरांचा जो उल्लेख आहे, त्याच्याशी माढ्याच्या मूर्तीवरील अक्षरांचा मेळ बसतो हा त्यांचा मुख्य आधार होता. श्रद्धावंतांनी आणि काही अभ्यासकांनी याला कडाडून विरोध केला. चरित्रकाराने इथे न्यायाधीश होऊ नये. दावा काय, आधार काय, आक्षेप काय आणि आक्षेपाला त्यांनी उत्तर दिले का, एवढे क्रमाने लिहावे. श्रद्धावंतांचा विरोध आणि अभ्यासकांचा विरोध मात्र वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावा, कारण एकाचे कारण भक्ती असते आणि दुसऱ्याचे पुरावा. दोन्हींची सरमिसळ केली की दोघांवरही अन्याय होतो. शिखर शिंगणापूरच्या ग्रंथात भोसले कुळाचे मूळ कर्नाटकातल्या होयसळ राजघराण्याशी जोडले आहे, त्याबाबतही हीच रीत पाळावी.

आता बालपणाकडे यावे, त्याआधी नाही. ढेऱ्यांचा जन्म २१ जुलै १९३० चा, पुणे जिल्ह्यातल्या अंदर मावळातील निगडे या गावचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले, आजीने वाढवले, आणि पुण्यात येऊन मिळेल ते काम करत शिक्षण झाले. या ठिकाणी लेखणी करुणरसात वाहवत जाण्याचा धोका फार असतो. दारिद्र्याचे वर्णन जितके लांबते तितका माणूस दूर जातो. त्यापेक्षा मावळ म्हणजे काय ते लिहावे: डोंगराच्या सोंडा, भाताची खाचरे, कार्ल्याच्या लेण्याला लागूनच असलेले एकवीरेचे देऊळ, खिंडीखिंडीतले शेंदूर फासलेले तांदळे, म्हणजे देव म्हणून पुजलेले अनघड दगड. ज्या मुलाच्या भोवती देव घडीव मूर्तीत कमी आणि अनघड दगडांत जास्त होते, त्याने पुढे वारुळाला देवी मानणाऱ्या समाजाकडे कुतूहलाने पाहावे यात नवल नाही. 'लज्जागौरी'मध्ये रेणुका-यल्लम्मेचा आणि भूमीच्या सर्जनशक्तीचा माग काढताना ते गोव्याच्या सांतेरीपर्यंत जातात, जिथे गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी मातीचे वारूळच पुजले जाते. बालपण आणि ग्रंथ यांचा असा सांधा जुळवताना 'म्हणून' हा शब्द मात्र जपून वापरावा; आपण शक्यता सांगतो आहोत, कारण सिद्ध केलेले नाही.

उपजीविकेचा प्रश्न बहुतेक चरित्रांतून गळलेला असतो, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे. ढेरे विद्यापीठाच्या प्राध्यापकपदाच्या आधाराने काम करणारे संशोधक नव्हते, आणि त्यांचे घर म्हणजे त्यांनी आयुष्यभर जमवलेला प्रचंड ग्रंथसंग्रह होता. हाच प्रश्न इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या चरित्रातही येतो. त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, आणि गावोगावची दप्तरे धुंडाळत हिंडून १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात देह ठेवला. पगार नसलेल्या माणसाला कोणते पुस्तक आधी लिहावे आणि कोणते मागे टाकावे याचे स्वातंत्र्यही असते आणि सक्तीही असते. कोणते लेखन मनाने झाले आणि कोणते प्रकाशकाच्या मागणीने झाले हे यादीतून वेगळे काढता आले तर जरूर काढावे. त्यात कमीपणा काही नाही.

याच्या उलट उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेला, १९२९ मध्ये हार्वर्डहून पदवी घेतलेला हा गणिती १९४५ ते १९६२ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता, राहायला पुण्यात, आणि ये-जा डेक्कन क्वीनने. त्यांच्यावर लिहिणारे बहुधा 'गणितज्ञ कोसंबी' आणि 'इतिहासकार कोसंबी' असे दोन भाग पाडतात. ते पाडू नयेत. नाणे जितके अधिक हातांतून फिरते तितके झिजते, हे ओळखून त्यांनी आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या प्राचीन नाण्यांच्या ठेव्यातले एकेक नाणे तोलले, आणि सरासरी वजन किती घटले व वजनांतली तफावत किती वाढली यावरून ती नाणी किती काळ चलनात होती याचा हिशेब मांडला. तराजू गणितज्ञाचा होता, प्रश्न इतिहासकाराचा. हाच माणूस सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत सूक्ष्म दगडी हत्यारे वेचत असे, आणि म्हसोबा, बोल्हाई यांसारख्या देवतांची ठाणी जुन्या पशुपालकांच्या वाटांवर कशी येतात हे पाहत असे. अशा माणसाचा दिनक्रम लिहायचा तर आगगाडी, तराजू आणि टेकडी या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात आल्या पाहिजेत.

कोसंबींच्या घराण्याकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माचे आणि पालीचे थोर अभ्यासक, मुलगा दामोदर, आणि नात मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ, ज्यांनी पंडिता रमाबाईंवर काम केले आणि आजोबांचे आत्मनिवेदन इंग्रजीत नेले. ढेऱ्यांच्या घरात अरुणा ढेरे कवयित्री आणि अभ्यासक. संस्कृतीचा अभ्यास घरात मुरतो, त्यामुळे चरित्रकाराने घर वगळून चालत नाही. तसेच, ज्या बायकांची नावे मुखपृष्ठावर आली नाहीत पण ज्यांच्या कष्टांवर हे ग्रंथ उभे राहिले त्यांच्यासाठीही लेखात जागा ठेवावी लागते.

त्यासाठी घरच्यांना भेटावे. आधी पत्र किंवा फोन करून वेळ घ्यावी, काय लिहिणार आहोत ते सांगावे, आणि ध्वनिमुद्रण करायचे तर विचारूनच करावे. पहिल्याच भेटीत 'ते कसे होते?' असे विचारले तर उत्तरही तसेच ढोबळ मिळते. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारावे. घरात पुस्तकांसाठी कोणती खोली मोकळी केली आणि त्याआधी तिथे कोण झोपत असे. टिपणे वहीत होती की पाकिटांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. ते बाहेरगावी गेले की पत्र कुठून यायचे. एखादे कपाट उघडायची मनाई होती का. एका ज्येष्ठ अभ्यासकाच्या घरी मला त्यांच्या पत्नीने जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात गावाचे नाव आणि एस.टी.चे भाडे लिहिलेले होते. त्या भाड्यांवरून मला त्यांच्या चार वर्षांच्या भटकंतीचा क्रम लावता आला, जो त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. अशा चिठ्ठ्या घरी नेण्यासाठी मागू नयेत. तिथेच बसून उतरवून घ्याव्यात किंवा परवानगीने छायाचित्र काढावे, आणि त्या डब्यातल्या क्रमानेच परत ठेवाव्यात, कारण त्या क्रमालाही अर्थ असू शकतो.

त्यानंतर त्यांच्या कामातले निदान एक ठिकाण स्वतः पाहून यावे, शक्यतो यात्रेच्या दिवशी आणि पुन्हा एकदा एरवीच्या एखाद्या मंगळवारी. गर्दीत मानकरी दिसतात, पालखीचा क्रम दिसतो, वाघ्या-मुरळी किंवा धनगरांचे गजे दिसतात. शांत दिवशी गुरवाला बोलायला सवड असते आणि देवळाच्या मागच्या बाजूचे दुर्लक्षित दगड नजरेस पडतात. इतिहासकाराने तीस-चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले पान हातात धरून तिथे उभे राहावे आणि काय तसेच आहे व काय बदलले ते नोंदवावे. मूर्तीवर चांदीचा मुखवटा बसवलेला असतो, जुना ओटा फरशीखाली गेलेला असतो, देवाचे नावही कधी कधी बदललेले असते. ढेऱ्यांनी देवांची जी स्थित्यंतरे शतकांच्या पटावर दाखवली, त्यांतले एखादे आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे हे पाहिल्यावर त्यांच्या ग्रंथाबद्दल लिहिण्याची आपली भाषाच बदलते.

भाषेबद्दल एक विनंती. 'ऋषितुल्य', 'ज्ञानतपस्वी', 'चालताबोलता ज्ञानकोश' ही विशेषणे आपल्याकडे इतक्या जणांना वाहिली गेली आहेत की त्यांतून आता कोणाचाच चेहरा दिसत नाही. आदर व्यक्त करायचा असेल तर तो अचूकपणाने करावा: कोणती पोथी त्यांनी वाचली, कोणता पाठभेद पकडला, कोणते मत पुढे बदलले. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर जे काम केले त्याच्या शेजारी ढेऱ्यांचे काम ठेवून पाहावे, किंवा अॅन फेल्डहाउस यांनी २०११ मध्ये विठ्ठलाच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यावर मराठीत न वाचणाऱ्या अभ्यासकांपर्यंत ही मांडणी कशी पोचली ते लिहावे. समकालीनांच्या शेजारी उभे केले की माणसाची उंची आपोआप मोजली जाते. निधनाची नोंद एका ओळीत पुरते. ढेरे १ जुलै २०१६ रोजी पुण्यात गेले.

मजकूर तयार झाला की छापायला देण्याआधी तो दोघांना वाचायला द्यावा. एक, त्या विषयातला असा जाणकार की ज्याचे इतिहासकाराशी मतभेद होते. तो तारखा आणि युक्तिवाद तपासेल. दुसरा, ज्या देवस्थानाबद्दल लिहिले तिथला कोणी, आणि त्याला शक्य तर मोठ्याने वाचून दाखवावे. खंडोबाच्या एका ठाण्याबद्दलचे टिपण मी असे वाचून दाखवले तेव्हा म्हाताऱ्या गुरवाने मला तीनदा थांबवले: मी सरसकट 'पुजारी' लिहिले होते, तिथे पूजा कोणाची, पालखीचा खांदा कोणाचा आणि भंडाऱ्याची पहिली मूठ कोणाची हे तीन वेगळे मान तीन वेगळ्या घरांकडे होते. मी तिथेच पायरीवर बसून तिन्ही घरांची आडनावे वहीत लिहून घेतली, त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतली आणि मगच खाली उतरलो.